मध्यस्थाचे मौन

घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलेला धर्मगुरू घर असे फारसे पाहत नाही. हातात पवित्र पाण्याचे भांडे असते, मागे घरची माणसे मेणबत्त्या घेऊन उभी असतात, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना त्याचे लक्ष प्रार्थनेच्या पुस्तकावर असते. २०२३ सालच्या उन्हाळ्यात भंडारा शहराच्या नदीकडील अंगास एका घरी आम्ही असेच गेलो होतो. यजमान जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले. तीस-पस्तीस वर्षे कारखान्याच्या वसाहतीत काढल्यानंतर आता कुठे स्वतःच्या छपराखाली आले होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेला बहुतेक सारा पैसा त्या घरात गेला होता. घर जुनेच, पण नुकतेच रंगविलेले.

मागच्या खोलीत पाणी शिंपडताना आमची नजर भिंतीवर गेली. फिकट पिवळ्या रंगाखालून एक आडवी रेषा वर येऊ पाहत होती. खिडकीच्या गजांच्या मध्यावर, चारही भिंतींना सारख्या उंचीवर. रेषा कसली, हे आम्हांला कोणी सांगावयास नको होते. २०२० सालच्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला पूर आला, वरून मध्य प्रदेशातील धरणांचे पाणी आले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतरच्या आठवड्यात तांदळाच्या पिशव्या घेऊन आम्ही त्याच गल्लीत फिरलो होतो. तोंडाला मास्क, पोटरीपर्यंत चिखल. ती रेषा तेव्हा ओली होती.

आम्ही प्रार्थना पूर्ण केली, पेढा घेतला आणि निघून आलो.

वाचकहो, एवढ्यावरच हे थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण त्या रात्री आम्हांला आठवले की घर घेण्याआधी, आदल्या जानेवारीत, हाच गृहस्थ मिस्सानंतर अंगणात आमच्यापाशी आला होता आणि कोणत्या गल्लीत घर पाहिले आहे ते त्याने सांगितले होते. आम्ही म्हणालो होतो, “छान झाले, चर्चच्या जवळ आलात.” आम्हांला त्या सौद्यात एक पैसाही मिळावयाचा नव्हता. आनंदाच्या क्षणी कशाला विरजण घालावे, एवढाच विचार, आणि तोही पुरता केलेला नव्हे.

माणसाचा स्वभाव असा की स्वतःची चूक आठवली की तो दुसऱ्याची शोधावयास निघतो. ते घर ज्यांनी दाखविले ते एजंट आमच्या ओळखीचे. बाहेरगावाहून येणाऱ्या शिक्षकांना भाड्याच्या खोल्या शोधून देण्यासाठी आम्हीही त्यांनाच फोन करतो. दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेर चहाच्या टपरीवर ते भेटले, तेव्हा आम्ही जरा करड्या सुरातच विचारले, की त्या माणसाला पुराचे का सांगितले नाही?

“फादर, त्यानं विचारलं असतं तं सांगतलं असतं. विचारलंच नाही.” मग साखरेचा चमचा ढवळीत ते शांतपणे म्हणाले, “अन् तुम्हाले बी तं ठाऊक होतं.”

या दोन वाक्यांना उत्तर देणे आम्हांला त्या दिवशी जमले नाही. आजही पुरते जमेल असे नाही, परंतु प्रयत्न करून पाहावयाचा आहे.

प्रथम त्या व्यवसायाविषयी. ‘दलाल’ हा शब्द आपल्या भाषेत शिवी होऊन बसला आहे. मूळ अरबी शब्दाच्या पोटात मात्र वाट दाखविण्याचा अर्थ आहे. जो दाखवितो तो दलाल. धान बाजारात अडत्या असतो, लग्नात मध्यस्थ असतो, आणि मध्यस्थ हा शब्द तर आपण वेदीसमोर ज्याच्यासाठी वापरतो त्याहून थोर कोणी नाही. तेच काम घरांच्या बाबतीत करणाऱ्याला मात्र आपण तुच्छ लेखतो, आणि घर घ्यावयाचे झाले की पहिला फोन त्यालाच करतो.

या गृहस्थांचा दिवस आम्ही पुढे काही वेळा जवळून पाहिला. स्कूटरच्या डिकीत किल्ल्यांचा जुडगा. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर मालकाचे नाव नव्हे, खूण: चिंचेजवळचे, बोअरवाले, दक्षिणमुखी. दक्षिणमुखी घराची किल्ली जुडग्यात सर्वांत जास्त दिवस राहते. नोकरदार गिऱ्हाईक कचेरी उघडण्याआधी किंवा दिवेलागणीला येते, म्हणून सकाळ-संध्याकाळ घरे दाखविण्यात जाते. दुपार तलाठी, तहसील, नगरपरिषद आणि दुय्यम निबंधक यांच्या दारांत. सातबारा, फेरफार, आखीव पत्रिका. जागा नझूलची असेल तर तिचा भाडेपट्टा. शेतात पाडलेले ले-आउट असेल तर अकृषिक परवानगी. पितृपक्षात कोणी इसार देत नाही. धान विकून पैसा हाती आला, किंवा उन्हाळ्यात बदल्या झाल्या, की मात्र जेवायला फुरसत नसते. नागपूर साठ-बासष्ट किलोमीटरवर असल्यामुळे तिकडचे लोक रविवारी गाडी घेऊन भूखंड पाहावयास येतात, सिमेंटच्या खांबांमधून फिरतात, फोटो काढतात आणि बहुधा परत येत नाहीत. पेट्रोल यांचे.

रोजी नाही, पगार नाही. रजिस्ट्री झाली तर दोन्ही बाजूंकडून ठरलेली टक्केवारी. नाही झाली तर काही नाही. वीस घरे दाखवून झाल्यावर गिऱ्हाईक एकविसाव्या दिवशी परस्पर मालकाकडे जाऊन सौदा करते, हा अनुभव त्यांना इतका सवयीचा झाला आहे की ते तो हसत सांगतात. एकदा त्यांनी एका गिऱ्हाईकाला घराच्या मागील भिंतीची चीर स्वतः होऊन दाखविली होती. गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून गेले आणि महिन्याभरात तेच घर दुसऱ्या एजंटामार्फत, चिरेचे निमित्त काढून, कमी किमतीत घेतले. सत्य सांगण्याची किंमत दिली ती यांनी. आम्ही दर रविवारी व्यासपीठावरून सत्याविषयी बोलतो. आमचे प्रवचन कोणी मानले नाही तरी आमचे दुपारचे जेवण चुकत नाही, ही गोष्ट या प्रश्नाचा विचार करताना विसरून चालणार नाही.

आता मूळ प्रश्न. न विचारलेले न सांगणे म्हणजे फसविणे काय?

प्रश्न नवा नाही. इसवी सनापूर्वी ४४ साली सिसेरोने कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागात नेमके हेच उदाहरण आहे. एक सज्जन माणूस घर विकावयास काढतो. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड सडलेले आहे, आणि हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने सांगावे की नाही? स्टोइक पंथातील गुरु-शिष्यांचा यावर वाद झाला असे सिसेरो लिहितो. गुरू बाबिलोनचा डायोजेनीस (पिंपात राहणारा तो वेगळा) म्हणतो, कोणी तुला घ्यावयास भाग पाडले होते काय? गप्प राहणे वेगळे आणि लपविणे वेगळे. शिष्य टार्ससचा अँटिपेटर. गाव तेच जे पुढे संत पौलाचे म्हणून प्रसिद्ध झाले. तो म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणे जर पाप, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यात जाऊ देणे त्याहून वाईट. सिसेरो शिष्याच्या बाजूने निकाल देतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रत्येक मौन म्हणजे लपविणे नव्हे. परंतु जे जाणणे दुसऱ्याच्या हिताचे आहे ते तुमच्या लाभासाठी त्याला कळू न देणे, हे लपविणे.

त्याच ठिकाणी त्याने रोममधील एक खराच खटला सांगितला आहे, तो आमच्या नगरपरिषदेच्या नोटीसपाटीवर लावावा असा आहे. सेलियन टेकडीवर क्लॉडियस सेंटुमॅलस नावाच्या गृहस्थाचे घर होते. शकुन पाहणाऱ्या राजपुरोहितांना त्या घरामुळे आकाश नीट दिसत नव्हते, म्हणून त्याचा उंच भाग पाडण्याचा त्यांनी हुकूम दिला. क्लॉडियसने घर विकावयास काढले. कॅल्पर्नियस लॅनेरियसने ते घेतले, आणि लगेच तोच हुकूम त्याच्या हाती पडला. न्यायाधीश केटो यांनी विकणाऱ्याला दोषी धरले व नुकसान भरावयास लावले. आपल्याकडे अतिक्रमणाची नोटीस आलेले घर घाईने विकले जाते तेव्हा आम्हांला या क्लॉडियसची आठवण होते.

सेमिनरीत हे सारे आम्ही संत थॉमस अक्विनास यांच्या द्वारे शिकलो. त्यांच्या ‘सुम्मा’मधील खरेदी-विक्रीच्या प्रकरणात लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे आणि मोडकळीस आलेले घर मजबूत म्हणून विकणे ही उदाहरणे शेजारी शेजारी येतात. त्यांचा निर्णय व्यवहारी आहे. दोष उघड दिसत असेल, घोडा एकाक्ष असेल, आणि किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर विकणाऱ्याने दवंडी पिटण्याची गरज नाही. दोष आत दडलेला असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर सांगितलेच पाहिजे. आम्ही परीक्षेत हे उत्तर लिहून चांगले गुण मिळविले होते. तीस वर्षांनी प्रश्न अंगणात चालत आला तेव्हा आम्ही “छान झाले” म्हणालो.

आपल्या देशाच्या कायद्याने या विषयात दहा वर्षांच्या अंतराने दोन वेगळी उत्तरे दिली आहेत, हे आम्हांला अलीकडेच एका वकील मित्राने दाखविले. १८७२ चा करार कायदा म्हणतो की केवळ मौन ही फसवणूक नव्हे. तेथेही घोडाच आहे! लिलावात कोणी आजारी घोडा विकला आणि काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. पण घेणारी त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आणि घेणारा म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा धडधाकट समजेन, तर मग गप्प बसणे हेच बोलणे ठरते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मात्र घराच्या व जमिनीच्या बाबतीत पुढे जातो. मालमत्तेतील किंवा तिच्या हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला सामान्य काळजी घेऊन सापडणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणे हे कपट. इतकेच नव्हे, विकणाऱ्याचा हक्क त्याला वाटतो त्याहून मोठा आहे हे घेणाऱ्याला कळले असेल, तर त्यानेही ते सांगावयाचे आहे. घोड्याबद्दल गप्प राहता येते, घराबद्दल नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, आम्हांला यात शहाणपण दिसते. घोडा परत विकता येतो. निवृत्त माणसाला घर आयुष्यात एकदाच घेता येते.

पण या सर्वांत एजंट कोठे आहे? १८८२ चा कायदा विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ओळखतो. २०१६ चा रेरा कायदा एजंटाला ओळखतो, त्याला नोंदणी करावयास लावतो, खोटी जाहिरात करण्यास मनाई करतो; आणि महाराष्ट्रात २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही आली. हे सारे चांगले आहे, परंतु ते मोठ्या नोंदणीकृत नव्या प्रकल्पांपुरते. भंडाऱ्यात हात बदलणारे जुने घर, गल्लीतील दोन खोल्या, पवनीकडचा एखादा वाडा, हे त्या कायद्याच्या बाहेरच राहते. आणि कागदही बोलत नाहीत. सातबारा आता मोबाईलवर निघतो, पण पाणी कोणत्या गजापर्यंत आले होते याचा रकाना त्यात नाही. ते तीनच जणांना ठाऊक असते: जुन्या मालकाला, शेजाऱ्यांना आणि एजंटाला. मालक गरजू असतो. शेजारी “आपण कशाला बोला” म्हणतात. उरतो एजंट, आणि त्याचे पोट त्या सौद्यावर.

यावर कोणी म्हणेल, मौन हा तर त्याच्या धंद्याचा धर्मच आहे. हे अगदी खरे आहे. मालक त्याच्या कानात सांगतो की शेवटी किती लाखांवर उतरेन. घेणारा त्याच्या कानात सांगतो की ताणून किती देऊ शकेन. दोन्ही आकडे पोटात ठेवून तो दोघांना एका मेजाशी आणतो. कोणाच्या घरात वाटणीचे भांडण आहे, कोणाचा मुलगा कर्जात बुडाला म्हणून घर निघाले आहे, कोणाची मुलगी माहेरी परतली म्हणून जादा खोली हवी आहे, हे त्याला ठाऊक असते आणि त्याने ते बोलू नये. मौनाशी आमचाही जन्माचा संबंध आहे. पापनिवेदनात ऐकलेले आम्ही कोणापाशी काढत नाही. काढले तर आमचे पद राहत नाही. म्हणून एजंटाच्या मौनाकडे आम्ही उगाच बोट दाखविणार नाही.

परंतु त्या टपरीवरून परतताना एक भेद आमच्या मनात आला, तो येथे मांडतो. माणसाने स्वतःविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्या माणसाची असते. ती सांगण्याचा अधिकार त्याचाच. भिंतीला ठाऊक असलेली गोष्ट मात्र मालकाची नसते. ती जो त्या भिंतीला पाठ टेकून झोपणार त्याची असते. मालक का विकतो आहे हे एजंटाने सांगू नये, आणि घरात पाणी येते हे सांगावे. पहिल्या मौनाला विश्वास म्हणतात, दुसऱ्याला सिसेरो जे म्हणतो ते.

“विचारलंच नाही” या उत्तराचेही मग वजन कमी होते. विचारावयाचे काय, हे तरी ठाऊक असावे लागते. कायदा ‘सामान्य काळजी’ म्हणतो. ती कोणाच्या दृष्टीने सामान्य? आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील कितीतरी गावे बुडीत क्षेत्रात गेली, पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या, मोबदला आला, २०१३ साली विशेष पॅकेजही आले. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी जमीन विकत घेतली नव्हती, कारण ती वडिलांकडून येत असे, त्यांच्या हाती एकाएकी रक्कम आली आणि त्यांना घर ‘घ्यावे’ लागले. गावात घर बांधताना पाणी कोठवर येते हे कोणाला विचारावे लागत नसे. आजोबांनीच सांगितलेले असे. शहरात आल्यावर आजोबांची जागा एजंटाने घेतली. रजिस्ट्री म्हणजे काय, इसारपावती कशी करतात, साक्षीदार किती लागतात, हे त्याने शिकविले. करार कायद्यातील ती नुकती वयात आलेली मुलगी आम्हांला येथे दिसते. तो विश्वासाचा संबंध एकदा निर्माण झाला की मग “विचारलं नाही” हे लिलावातले उत्तर चालत नाही.

एवढे लिहून आम्ही समाधानी व्हावयास हरकत नव्हती, पण आमचा भेद एका ठिकाणी अडतो, आणि ते न सांगणे म्हणजे आम्हीच दोष झाकणे होईल. भाड्याच्या घराची गोष्ट. घरमालक एजंटाला आधीच सांगून ठेवतो, अमक्यांना देऊ नका. अमके म्हणजे कधी एखादी जात, कधी एखादा धर्म, कधी एकटी राहणारी नोकरदार मुलगी, कधी मांसाहार करणारे. आणि या याद्यांत आपणही कधी कधी असतो, हे आमच्या शिक्षकांसाठी खोल्या शोधताना आम्हांला कळले आहे. एजंट दारात आलेल्याला नाव विचारतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “ते घर कालच गेलं.” खोटे आहे. पण खरे सांगितले तर समोरच्याचा अपमान होईल, म्हणून तो तसे म्हणतो, आणि त्यात थोडी दयाही असते. हे गुपित कोणाचे? मालकाने विश्वासाने सांगितलेले आहे, म्हणजे आमच्या भेदाप्रमाणे ते मालकाचे. पण ते मालकाच्या दुःखाचे गुपित नव्हे, दुसऱ्याविषयीच्या तिरस्काराचे आहे. तिरस्कार ठेवीसारखा सांभाळावयाचा असतो काय? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम ग्राह्य धरला होता. कायदेशीर काय हा एक प्रश्न. पण आमचे एजंट मित्र म्हणाले ते आम्हांला अधिक बोचले. ते म्हणाले की आजवर एकाही मालकाने हे वाक्य स्वतःच्या तोंडाने भाडेकरूला ऐकविलेले नाही. ते काम यांचे. सौदा पांढऱ्यात किती आणि उरलेला कसा, हेही दोन प्रतिष्ठित माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. तेही काम यांचेच. जे आपल्या तोंडाला शोभत नाही ते बोलण्यासाठी आपण एक तोंड भाड्याने घेतले आहे, त्याला टक्केवारी देतो, आणि वर त्याला दलाल म्हणतो.

त्यामुळे पुराची रेषा न सांगितल्याचा दोष आम्ही त्यांच्यावरून काढून घेत नाही. पण तो एकट्या त्यांच्या पदरात बांधणेही आम्हांला जमत नाही. मालकाने रंग दिला. शेजाऱ्यांनी नव्या माणसांना दूध कोठे मिळते ते सांगितले, पाणी कोठे येते ते नाही. आम्ही पेढा खाल्ला.

सत्य सांगितले तर सौदा मोडतो, ही भीतीही पुरती खरी नाही. यिर्मया संदेष्ट्याचा एक व्यवहार बायबलमध्ये सविस्तर नोंदला आहे. यरुशलेमला वेढा पडलेला आहे, शहर पडणार हे स्वतः यिर्मयाच सांगत आला आहे, त्यासाठी तो कैदेत आहे. आणि त्याच वेळी तो चुलतभाऊ हनमेल याच्याकडून अनाथोथचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. साक्षीदार, मोहोर, खरेदीखताच्या दोन प्रती, एक बंद व एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या भांड्यात जपून ठेवलेल्या. आमच्या दुय्यम निबंधकांनाही त्यात खोट काढता येणार नाही. त्याला त्या जमिनीविषयी सर्वांत वाईट तेच ठाऊक होते, आणि तरीही त्याने ती घेतली. नदीकाठची स्वस्त घरेही माणसे जाणून घेतील. परवडते तेच घ्यावे लागते. फक्त मग ती पेटी कोठे ठेवावी, वायर किती उंचीवरून न्यावी, ऑगस्टमध्ये रात्री कोणी जागे राहावे, हे ठरवून घेतील, आणि किंमतही त्या मानाने देतील.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. यजमान अंगणात होते. आम्ही त्यांना बाजूला घेऊन बोलावयास सुरुवात केली, तोच त्यांनी हात वर करून आम्हांला थांबविले.

“ठाऊक आहे, फादर. पुट्टी घासताना रंगाऱ्यानं सांगतलं. तोवर रजिस्ट्री झाली होती.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “हिले सांगू नका. जन्मभर क्वार्टरमध्ये राहिली. आता कुठं खूश आहे.”

आम्ही काहीच बोललो नाही. होकार दिला नाही आणि नकारही नाही. आत गेलो. मागच्या खोलीत ती रेषा आता आणखी स्पष्ट झाली होती. बाईंनी चहा आणला, पंखा लावला, आमच्यासमोर बसल्या आणि सहज विचारावे तसे विचारले, “फादर, तुम्ही तर इथले जुने. पावसाळ्यात इकडं कसं राहते?”

यजमान कपात पाहत राहिले. आम्ही उठून भिंतीपाशी गेलो, रेषेवर हात ठेवला आणि म्हणालो, “बाई, २०२० साली पाणी इथवर आले होते. आम्ही पाहिले आहे.”

त्या बराच वेळ त्या रेषेकडे पाहत होत्या. मग नवऱ्याकडे पाहिले. त्यांनी मान वर केली नाही, आणि त्यावरून त्यांना जे समजावयाचे ते समजले असावे. कप उचलता उचलता त्या म्हणाल्या, “मग तांदळाची कोठी खाली ठेवून नाही भागणार. माळ्यावर किती वजन राहते हो?”